नायगारा पाहिला अमेरिकेतून, बिल आलं कॅनडाचं

गेल्या जूनमध्ये बाबांना घेऊन ताईकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो होतो. बाबा ७६, पहिलाच परदेश प्रवास. त्यांच्या पोस्टपेड नंबरवर अमेरिकेचा २८ दिवसांचा रोमिंग पॅक मारला होता, कारण बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि बाबांना सगळ्या ट्रिपचं एकच टेन्शन, "माझा नंबर बंद पडता कामा नये."

एडिसनहून नायगारा गाडीने साधारण सात तास. भल्या पहाटे निघालो, ताईने ठेपले आणि दही-भात घेतलेला, त्यामुळे जेवायला थांबायचा प्रश्नच नाही. मेड ऑफ द मिस्टच्या बोटीत अमेरिकेच्या बाजूने बसणाऱ्यांना निळे रेनकोट देतात, समोर कॅनडावाल्या बोटीत सगळे लाल. बाबांनी पायजम्यावर तो निळा रेनकोट चढवला आणि पूर्ण वेळ कठडा धरून उभे राहिले, चष्म्यावर पाणीच पाणी, दिसत काही नव्हतं तरी "बघ बघ" चालू. नंतर गोट आयलंडवर टेरापिन पॉइंटला गेलो, तिथून हॉर्सशू धबधबा अगदी हातभर अंतरावर कोसळतो आणि पलीकडच्या काठावर कॅनडाची हॉटेलं दिसतात. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर याच जागेला जास्त वेळ द्या, चालणं कमी आणि बसायला बाकडी आहेत. रेनबो ब्रिज ओलांडायचा प्रश्न नव्हता, आमच्याकडे कॅनडाचा व्हिसाच नव्हता.

पण फोनला कुठे व्हिसा लागतो! सीमा नदीतूनच जाते, पलीकडचा टॉवर जास्त जोरात मिळाला की फोन उडी मारून तिकडे जातो. बाबांच्या फोनने तेच केलं, आणि नेमकं त्याच वेळी बाबांनी धबधब्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक ग्रुपवर टाकला. वर काही फोटो. एकूण २९ एमबी. पॅक फक्त अमेरिकेचा, त्यामुळे १० केबीला साडेपाच रुपये असा मीटर पडला.

पुण्यात परत आल्यावर बिल, जीएसटी धरून ₹१९,८६२. नशीब एवढंच की ऑटोपे होतं तरी पैसे गेले नाहीत, कारण १५ हजाराच्या वरच्या रकमेला बँक ओटीपी मागते आणि बाबा तेव्हा झोपलेले. पहिलं काम ऑटोपे बंद केलं, मग नेहमीच्या भाड्याचे ₹४९९ अधिक जीएसटी एवढेच भरले आणि बाकी रक्कम वादात आहे असं ईमेलने कळवलं. हे ईमेल आधी करा, म्हणजे "बिलच भरलं नाही" म्हणून आउटगोइंग बंद केलं तर दाखवायला काहीतरी हातात असतं.

१९८ ला, म्हणजे कंपनीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन केला तर नंबर बाबांच्या नावावर, म्हणून माझ्याशी बोलेनात. बाबांना फोन दिला, त्यांनी जन्मतारीख सांगितली ती खरी, श्रावणातली. कागदावर मास्तरांनी घातलेली १ जून! दोनदा व्हेरिफिकेशन फेल. तेव्हा फोन लावायच्या आधी आधारवरची तारीख मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा, आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

पहिलं उत्तर अपेक्षितच, "सर, नेटवर्क यूज झालंय, बिल व्हॅलिड आहे." मी तावातावाने बोर्डिंग पास, व्हिसा, फोटोचं लोकेशन सगळं पाठवलं की माणूस कॅनडात पाय ठेवू शकतच नाही. त्याने काही झालं नाही, कारण फोन खरंच तिकडच्या नेटवर्कवर होता आणि आयटमाइज्ड बिलात तसं नावासकट, वेळेसकट छापलेलं. एका पोराने तोंडी ३० टक्के सूट देतो म्हटलं, ती घेतली नाही.

मग बिल नीट वाचलं. वरच छापलेलं, क्रेडिट लिमिट ₹३,०००. म्हणजे तीन हजाराला अलर्ट यायला हवा होता किंवा डेटा थांबायला हवा होता, पुढचे तेरा हजार चढलेच कसे? बाबांच्या इनबॉक्समध्ये त्या दिवशी ताईचा एक एसेमेस आणि बँकेचा एक, बाकी काही नाही. त्याचे स्क्रीनशॉट जोडून कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील केलं. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीकडे ही दुसरी पायरी असते, फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. थेट ट्रायला लिहून उपयोग नाही, ते एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाहीत. इथेही अडलं असतं तर १९१५ ची ग्राहक हेल्पलाइन आणि मग ग्राहक आयोग. टेलिकॉमची तक्रार तिथे चालते हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय आणि पाच लाखापर्यंत फी लागत नाही. तेवढी वेळ आली नाही. पाचव्या आठवड्यात ईमेल आलं, डेटाचा सगळा चार्ज काढून त्याऐवजी कॅनडाचा एक दिवसाचा पॅक लावला. तो भरला मुकाट्याने, व्हिडिओ तर बाबांनीच पाठवला होता!

आता जाणाऱ्यांसाठी. नायगाराला पोचायच्या आधी गाडीतच डेटा रोमिंग बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाउनलोड आणि फोटोचा बॅकअप घरीच बंद करा. बाबांच्या बिलात येणाऱ्या एसेमेसला एक रुपयाही लागलेला नव्हता, म्हणजे ओटीपीसाठी डेटा चालू ठेवायची काही गरज नाही. डेटा हवाच असेल तर दोन्ही देशांचा पॅक घ्या, किंवा सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक नेटवर्क काढून अमेरिकेचं एक नेटवर्क हाताने निवडा. आणि शक्य असेल तर ज्येष्ठांचा नंबर प्रीपेडच ठेवा, बॅलन्स संपला की मीटर आपोआप थांबतो. क्रूझवर आणि विमानात फ्लाइट मोड, तिथलं नेटवर्क देशाच्या पॅकमध्ये सहसा धरत नाहीत.

ताईच्या सासऱ्यांनी सप्टेंबरमध्ये हे सगळं तंतोतंत केलं, बिल एक रुपया जास्त नाही. फक्त मुंबईला उतरल्यावर नेटवर्क परत ऑटोमॅटिकवर टाकायचं राहिलं, फोनला रेंज नाही, आणि दीड तास बाहेर उभं राहून शेवटी शेजारच्या टॅक्सीवाल्याच्या फोनवरून घरी फोन केला.