रॉन पॉल, नोंद 9: कोळंबीचा गुंता सुटला

मंडळी, टेक्ससचे माजी अमेरिकी खासदार रॉन पॉल यांची भूमिका आपण त्यांच्या नोंदींवरून एका शीटमध्ये गुण देऊन मांडतोय, पण तीन आठवडे माझ्याकडून काही आलं नाही, कारण कोळंबीनं वाट अडवून धरली होती. परवा रात्री बाराच्या सुमाराला गाठ सुटली आणि मी आनंदानं घरातल्या सगळ्यांना उठवलं. आता सविस्तर सांगते.

नोंद 8पर्यंत सगळं सुरळीत होतं. आपला नियम तोच: उमेदवाराची प्रचारातली भाषणं, जाहिराती, मुलाखती शीटमध्ये घ्यायच्या नाहीत. मतदान, विधेयकं, काँग्रेशनल रेकॉर्ड (अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या कामकाजाचा छापील वृत्तांत), समित्यांच्या सुनावण्या आणि मालमत्तेची विवरणं, एवढंच. खर्चाच्या बाजूनं काही केलं की +1, विरोधात केलं की −1; 'सरकारी खर्च' या रकान्यात पॉल यांच्यापुढे −1ची रांगच लागली होती. 2008चं बँक बचाव विधेयक घ्या. 29 सप्टेंबरला ते 205 विरुद्ध 228 मतांनी पडलं, 3 ऑक्टोबरला सुधारून आणल्यावर 263 विरुद्ध 171नं मंजूर झालं. दोन्ही वेळा पॉल विरोधात. टेक्ससच्या या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना सहकारी 'डॉक्टर नो' म्हणायचे ते उगाच नाही.

मग मी इयरमार्कना हात घातला आणि सगळं विस्कटलं.

इयरमार्क म्हणजे अर्थसंकल्पातला अमुक एवढा पैसा अमुक एका कामाला, अमुक ठिकाणी, असं खासदारानं नाव घेऊन लिहून घेणं. 2008च्या आर्थिक वर्षासाठी पॉल यांनी अशा 65 मागण्या केल्या होत्या, एकूण सुमारे 40 कोटी डॉलरच्या. त्यांचा मतदारसंघ, टेक्ससचा चौदावा, मेक्सिकोच्या आखाताला लागून, म्हणजे मच्छीमारांची वस्ती आलीच. मागण्यांत एक होती 80 लाख डॉलरची, समुद्रातून पकडलेल्या अमेरिकी कोळंबीच्या जाहिरातीसाठी. सरकारनं कोळंबीची जाहिरात करायची, आणि ते मागतोय कोण, तर शिक्षण खातंच बंद करा म्हणणारा माणूस!

इथं माझे चार दिवस फुकट गेले, ते सांगून ठेवते म्हणजे तुमचे जाणार नाहीत. यादीची जी स्कॅन केलेली प्रत माझ्याकडे होती ती मी मजकूर ओळखणाऱ्या एका प्रोग्रॅममधून काढली. त्यानं 8चा 3 केला. माझ्या शीटमध्ये कोळंबी 30 लाखांवर आली, बेरीज काही केल्या जुळेना, आणि मी चूक शोधत बसले ती भलत्याच पानांवर. शेवटी पान 300 टक्के मोठं करून पाहिलं, तेव्हा 8च्या डाव्या कडेची शाई उडालेली दिसली. तेव्हापासून आकड्यांचा प्रत्येक रकाना मी डोळ्यांनी वाचून हातानं भरते. वेळ जातो, पण झोप लागते.

आकडा दुरुस्त झाला तरी खरा प्रश्न होताच. मागणी केली की +1. त्याच मागण्या ज्या विधेयकात बसवल्या, त्यावर मत देताना पॉल 'नाही' म्हणतात, म्हणजे −1. मागणी, विरोध, मागणी, विरोध. 2009च्या फेब्रुवारीतलं एकत्रित खर्चाचं विधेयक प्रतिनिधीगृहात 245 विरुद्ध 178नं मंजूर झालं, तिथंही हेच. सरासरी काढली तर खर्चाच्या बाबतीत पॉल शून्याच्या आसपास, म्हणजे पक्के मध्यममार्गी! ज्या शीटमध्ये रॉन पॉल मध्यममार्गी ठरतात ते शीट फेकून द्यायच्या लायकीचं.

आपल्यातल्या दोघांनी सुचवलं की मागण्या सोडून दे, फक्त मतदान धर. ते मला पटत नाही. मत देणं हे नोंदवहीतलं काम आहे आणि मागणी करणं हेही. जे आपल्या चित्रात बसत नाही ते गाळायचं म्हटलं तर मग रेकॉर्ड उघडायचंच कशाला? पॉल यांच्या टीकाकारांचं म्हणणं तर याहून सरळ आहे: विधेयक मंजूर होणार हे ठाऊक असतंच, तेव्हा मागणी घालून ठेवायची, वर विरोधी मत द्यायचं, पैसा मतदारसंघात येतो आणि हातही कोरडे. हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही, त्याच्याकडे पुढे येते.

गाठ सुटली ती रेकॉर्डमध्येच. 2009च्या मार्चमध्ये पॉल इयरमार्कवर सभागृहात बोलले. हे मी आधी वाचलेलं होतं, पण ई-पानं चाळण्याच्या नादात वरवर. (नव्यांसाठी: पान क्रमांकाआधी एच असेल तर ते प्रतिनिधीगृहाचं कामकाज, ई असेल तर मागाहून जोडलेलं निवेदन, ते सभागृहात कुणी ऐकलेलंच नसतं. पॉल यांची ई-पानं ढिगानं आहेत.) परवा शांतपणे वाचलं. त्यांचा मुद्दा असा: सगळे इयरमार्क काढले तरी अर्थसंकल्पाचा जेमतेम एक टक्का हलतो, आणि तोही वाचत नाही. खर्चाची एकूण रक्कम तीच राहते, फक्त ती कुठं जावी हे काँग्रेसऐवजी राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालची खाती ठरवतात. तिजोरीतला पैसा कुठं जातो हे निवडून आलेल्यांनी नाव घेऊन सांगावं, हेच त्यांचं काम. आणि पुढं ते त्याच दमात बँक बचाव निधीवर येतात, मग फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर: तिथला पैसा कुणाला गेला हे कुणालाच का कळत नाही?

इथं मी थांबले. कोळंबी आणि फेडरल रिझर्व्ह एकाच भाषणात, एकाच धाग्यावर. आणि मध्यवर्ती बँकेचं लेखापरीक्षण करा म्हणणारं त्यांचं विधेयक, एच. आर. 1207, मांडलं होतं त्याच्या काही दिवस आधीच, फेब्रुवारी 2009मध्ये. त्याला पुढं 320 सहप्रस्तावक मिळाले. माझ्या शीटमध्ये हे विधेयक 'चलन' रकान्यात होतं आणि कोळंबी 'खर्च' रकान्यात, दोघांची गाठच पडत नव्हती.

चूक माझ्या रकान्याची होती. 'सरकारी खर्च' या एका नावाखाली मी दोन वेगळे प्रश्न कोंबले होते. किती खर्च व्हावा, हा एक. तो कुठं व्हावा हे ठरवायचं कुणी, हा दुसरा. रकाना फोडून दोन केले, 'आकार' आणि 'अधिकार', आणि रात्री बसून जुन्या 212 ओळी पुन्हा भरल्या. आकारात −1ची रांग जशीच्या तशी. अधिकारात कोळंबी, बँक बचाव निधी, एच. आर. 1207 सगळे एका बाजूला. शून्य गायब!

लगेच एक जुनी, कुठंच न बसणारी ओळ काढून तपासली. 20 एप्रिल 1999, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्स यांना काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याचं विधेयक: 424 विरुद्ध 1. तो एक म्हणजे पॉल. 30 हजार डॉलरच्या पदकाला विरोध करून त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं की प्रत्येकानं खिशातून 100 डॉलर काढू, मी देतो. 30 हजार डॉलर अमेरिकेच्या अर्थसंकल्पात पोहता पोहता दिसणार नाहीत. आकाराच्या रकान्यात ही ओळ क्षुल्लक वाटायची, अधिकारात ती ठळक उभी राहिली. पार्क्सबाईंना तो मान मिळायलाच हवा होता असं मला मनापासून वाटतं, पण ओळ कुठं बसते हा प्रश्न वेगळा.

जाता जाता व्होटव्ह्यूबद्दल, म्हणजे काँग्रेसमधली मतदानं साठवणाऱ्या संकेतस्थळाबद्दल. मला ते मनापासून आवडतं. 1789पासूनची मतदानं कुणी फुकट, नीट रचून देतं ही लहान गोष्ट नाही. पण मतदानांवरून खासदाराचा कल दाखवणारा जो गुणांक ते काढतात, त्यावर विसंबणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: विरोधी बाजू 2.5 टक्क्यांहून कमी असेल तर ते मतदान गणितात धरत नाहीत. 425 मतांत किमान 11 विरोधक लागतात. 424 विरुद्ध 1 बादच. म्हणजे पॉल एकटे पडले अशी मतदानं, जी मला सगळ्यांत बोलकी वाटतात, तीच तिथं नाहीत. गुणांक चुकीचा नाही, तो आपला प्रश्न विचारत नाही इतकंच. एकट्याच्या 'नाही'साठी प्रतिनिधीगृहाच्या क्लार्कच्या कार्यालयाची मूळ रोल कॉल (कुणी काय मत दिलं याची नावनिशीवार) पानंच बघा.

आता टीकाकारांकडे. 'मंजूर होणार हे ठाऊक होतं' हे तपासायचं तर ज्या विधेयकांचा निकाल खरोखर टांगणीला होता तीच शोधायला हवीत. इथवर लिहिलं आणि एक आठवलं: नोव्हेंबर 2005, कामगार-आरोग्य-शिक्षण खात्यांचं खर्चाचं विधेयक, 209 विरुद्ध 224नं पडलं. त्यातून इयरमार्क आधीच काढून टाकलेले होते! असं विधेयक आपल्याला कुणी मुद्दाम बनवून दिलं नसतं. म्हणून ठरवलेला क्रम बदलते. पॉल यांची 1974च्या निवडणुकीतली पहिली हार आणि 1976च्या नोव्हेंबरमधली 300हून कमी मतांनी झालेली हार ही प्रकरणं मागे ठेवते, आणि आधी 1997पासूनची, दहा-पंधरा मतांच्या फरकानं लागलेली खर्चाची विधेयकं काढते. प्रत्येकापुढे तीन खुणा: मंजूर की नामंजूर, आत पॉल यांची मागणी आहे का, मत काय.

सोन्याचं प्रकरण त्यामुळे लांबणार, याचं मात्र वाईट वाटतं. कोल्हापूरच्या गुजरीत माझ्या आजोबांची मूस आणि फुंकणी 1963मध्ये कोपऱ्यात गेली. मोरारजींच्या सुवर्ण नियंत्रणानं 14 कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली, आणि 14 कॅरटचं सोनं आजोबांच्या हाताला वळायचं नाही. त्यामुळे 15 ऑगस्ट 1971ला निक्सननी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं म्हणून आपण राजकारणात आलो असं सांगणारा माणूस मला पहिल्यापासून ओढून घेतो, सगळं पटत नसलं तरी. अमेरिकेच्या सुवर्ण आयोगाचा 1982चा अहवाल फ्रेझर या ऑनलाइन संग्रहात स्वच्छ प्रतीत आहे, तो चालवणाऱ्या सेंट लुईसच्या फेडचे (फेडरल रिझर्व्हच्या तिथल्या शाखेचे) आभार; ज्या संस्थेला पॉल बंद करायला निघाले तिनंच तो जपला आहे.

आणि मालमत्तेची विवरणं. 2011मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं त्यांच्या विवरणाचा हिशेब मांडला होता: जवळजवळ दोन तृतीयांश गुंतवणूक सोन्याचांदीच्या खाण कंपन्यांत. बोलणं आणि पैसा एकाच जागी. फक्त विवरणात नेमकी रक्कम नसते, पट्टे असतात: 1,00,001 ते 2,50,000 डॉलर, मग 5,00,000पर्यंत, मग 10 लाखांपर्यंत. बहुतेक जण मधला आकडा धरतात. मी प्रत्येक गुंतवणुकीचा किमान आणि कमाल असे दोन हिशेब धरणार आहे: खाणी किमान व बाकी सगळं कमाल, आणि उलट. दोन्ही टोकांना खाणीच वरचढ निघाल्या तरच ओळ शीटमध्ये.

उद्या रात्री नोव्हेंबर 2005. ज्यांच्याकडे 1997 ते 2004च्या खर्चाच्या विधेयकांचे निकाल आधीच रकान्यात भरलेले असतील त्यांनी पाठवा, पण हातानं भरलेले.