१ केबीची वही

नागपूरच्या कळमना मार्केटातल्या एका संत्र्याच्या अडत्यांचा फोन आला तो सप्टेंबरात, आंबिया बहाराची (संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एक, दुसरा मृग) आवक सुरू व्हायच्या तोंडावर. या दिवसांत हे लोक मला बोलावतात ते बहुधा प्रिंटर अडला म्हणून. या वेळी शेठ म्हणाले, "सारा हिशोब गायब आहे जी. पण घाबरायचं काम नाही, दिवाणजीजवळ बॅकअप आहे. तुम्ही फक्त येऊन चढवून द्या."

दिवाणजी साठीच्या पुढचे, पण कामाला चोख. शेतकऱ्यांची खाती, त्यांना दिलेली उचल, परत न आलेले क्रेट, असं सगळं त्यांनी वहीतून गूगल शीट्समध्ये आणलं होतं. त्याच फोल्डरात काटापट्ट्यांचे फोटो आणि बिलांच्या पीडीएफ. ते फोल्डर कॉम्प्युटरवरही दिसत असे आणि दर इतवारी दिवाणजी ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायचे. कॉपी केली की डायरीत तारीख टाकून सही. इतकी शिस्त मी मोठमोठ्या ऑफिसांतही पाहिलेली नाही.

डिस्क लावली. फोल्डर होतं, आत काटोल, नरखेड, वरुड अशी गावागावांची नावं होती, शीटही जिथल्या तिथे. दिवाणजींनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी पाहत होतो शेवटचा रकाना. फोटो दोन-तीन एमबीचे, पीडीएफ काहीशे केबीच्या. आणि शीट? प्रत्येक शीट १ केबी. हजारो ओळींची खातेवहीही १ केबी, आणि क्रेटची अर्ध्या पानाची यादीही १ केबी.

एकीवर डबल क्लिक केलं. ब्राउझर उघडला आणि फाईल अस्तित्वातच नाही म्हणाला. मग तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडली. आत दीड-दोन ओळी : या फाईलला हात लावू नका असा मोठ्या इंग्रजी अक्षरांतला इशारा, अक्षर-आकड्यांची एक लांबलचक खूण आणि दुकानाचा ई-मेल पत्ता. बस्स. एकही नाव नाही, एकही रुपया नाही.

गूगल डॉक्स आणि शीट्सचं हे असंच असतं. मजकूर राहतो गूगलच्या सर्व्हरवर. आपल्या डिस्कवर दिसते ती तिकडे नेणारी वाट. दिवाणजींनी आठवड्यामागून आठवडे इमानेइतबारे घराचा पत्ता उतरवून ठेवला होता, घर नव्हे. फोटो आणि पीडीएफ मात्र खऱ्या फायली, म्हणून त्या जशाच्या तशा वाचल्या.

"मंग मी इतके दिवस केलं तरी काय जी?" दिवाणजींनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

मूळ शीट कुठे गेली, याचा उलगडा शेठच्या नातवाने केला. शेठचा जुना मोबाईल सुट्ट्यांमध्ये त्याच्याकडे आला होता आणि त्यात दुकानाचं खातं तसंच चालू होतं. गूगलची फुकटची जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांत मिळून. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो-व्हिडिओही त्यातच मोजले जातात. पोट्ट्याच्या क्रिकेटच्या व्हिडिओंनी जागा भरली, 'स्टोरेज फुल'ची सूचना यायला लागली, आणि त्याने आजोबांचं 'जुनं' फोल्डर उडवलं. जागा मोकळी दिसेना म्हणून ट्रॅशही रिकामी केली. न करता तरी काय होतं म्हणा! ट्रॅशमधल्या वस्तू ३० दिवसांनी आपोआप कायमच्या जातात. मृग बहार आटोपल्यावर उन्हाळ्यात या शीट कोण उघडतंय? शीट्समध्ये जुने बदल पाहता येतात, कोणी कोणता आकडा फिरवला तेही कळतं, पण फाईल गेली की तो इतिहासही तिच्याबरोबर जातो.

शेठ पोट्ट्यावर ओरडायला लागले. मी म्हटलं, "काकाजी, त्याचं राहू द्या. सीएला हिशोब कसा पाठवला होता?"

इथे नशीब कामी आलं. आर्थिक वर्ष संपल्यावर दिवाणजींनी सगळी खाती एक्सेलमध्ये उतरवून सीएच्या ऑफिसला मेल केली होती. 'सेंट'मध्ये ती सापडली. ३१ मार्चपर्यंतचं सगळं आलं. बऱ्याच शेतकऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर खात्याची पीडीएफ जायची, तीही जुळवायला उपयोगी पडली. राहिली ती एप्रिलनंतर दिलेली उचल. त्यासाठी एकेकाला फोन करणं आलं. ज्यांचं शेठकडे येणं होतं ते स्वतःच्या डायऱ्या घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात हजर. ज्यांच्याकडे शेठचं येणं होतं त्यांच्यातले काही प्रामाणिकपणे बोलले, काहींचा फोन आजही कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.

नवीन व्यवस्था साधी लावली. दुकानाच्या कॉम्प्युटरवर आरक्लोन नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम रोज रात्री शीट खऱ्याखुऱ्या एक्सेलमध्ये बदलून त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरात उतरवतो. त्यात 'सिंक' मुद्दाम वापरलं नाही, 'कॉपी' वापरलं. सिंकचं कामच दोन्हीकडे सारखं ठेवणं, त्यामुळे तिकडे उडालं की इकडेही उडतं. लोक सिंकलाच बॅकअप समजतात आणि गाडी इथेच रुळावरून घसरते. शिवाय गूगल टेकआउट लावलं; ते वर्षभर दर दोन महिन्यांनी सगळ्याची झिप तयार करून मेलवर लिंक पाठवतं. लिंक आठवडाभरच चालते, म्हणून ती उतरवून घ्यायची तारीख दिवाणजींच्या डायरीत गेली.

हार्ड डिस्क आता दोन. एक दुकानात, एक शेठच्या घरी, दर आठवड्याला अदलाबदल. पत्र्याच्या छताखालच्या ड्रॉवरमध्ये नागपूरचा मे महिना काढणाऱ्या एकट्या डिस्कवर माझा भरवसा नाही. नातवासाठी वेगळं खातं काढून दिलं आणि जुन्या मोबाईलमधून दुकानाचं काढलं.

दिवाणजी अजूनही सही करतात, पण आधी डिस्कवरची कोणतीही एक वही उघडतात, एखाद्या शेतकऱ्याची बाकी मोठ्याने वाचतात आणि समोरच्या पोऱ्याकडून शीटशी ताडून घेतात. शेठला हे फार वेळखाऊ वाटतं. माझं बिल आंबियाचे पैसे हातात आल्यावर देतो म्हणालेत. दिवाणजींनी ते नव्या शीटमध्ये 'देणे'खाली माझ्यासमोरच चढवलं.