टेबलावरचं वर्तमानपत्र

चित्रापुढे उभं राहिलं की आधी रंग बघावेत, आकार बघावेत, असं जाणकार सांगतात. माझी नजर मात्र थेट छापील अक्षरांवर जाते. दिसलं की वाचायचं, ही खोड भेळेच्या कागदापासूनची. त्यामुळे पिकासोची १९१२ च्या अखेरची कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे डकवून केलेली चित्रं, बघताना माझी पंचाईत होते.

‘सूझची बाटली’च घ्या. निळ्या कागदाचं टेबल, त्यावर सूझ या फ्रेंच दारूची बाटली, तिला खरंखुरं लेबल, शेजारी पेला. आणि भोवताली पॅरिसच्या ‘ल जुर्नाल’ दैनिकाचे रकाने, त्यातले काही चक्क उलटे. फ्रेंच येणाऱ्यानं मान वाकडी करून वाचलं, तर बाल्कन युद्धाच्या बातम्या आहेत, आणि युद्धाच्या विरोधात भरलेल्या सभेचा वृत्तान्तही.

यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींच्या मते बातम्या मुद्दाम निवडलेल्या; काहींच्या मते पिकासोला हवा होता तो नुसता छापील मजकुराचा करडा पोत. मी पहिल्या पक्षाचा, आणि ते गिटारच्या कोलाजमुळे. तेही १९१२ च्या नोव्हेंबरातलं. पेपरातला मथळा होता बाल्कन युद्धातल्या चाताल्जाच्या आघाडीवर घनघोर लढाई जुंपल्याचा. पिकासोची कात्री अशी फिरली की चाताल्जा गेलं, घनघोरही गेलं. उरलं एवढंच: लढाईला तोंड फुटलं. न वाचता कुणी इतकं नेमकं कापेल?

आता लढाई कुणाशी? मला तरी ब्राकचा, पिकासोच्या जोडीदार चित्रकाराचा, संशय येतो. त्याच वर्षी सप्टेंबरात या पठ्ठ्यानं दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंच्या एका दुकानात लाकडाच्या नक्षीचा भिंतीला लावायचा कागद हेरून ठेवला, पिकासो पॅरिसला जाईपर्यंत दम धरला, मग तो विकत घेऊन त्याचे तुकडे चित्रात डकवले. रंगाऱ्यांच्या घराण्यातला माणूस, असला माल त्याच्या ओळखीचाच. दोघं जिवलग मित्र, पण आधी दाखवायचं नाही!

पिकासोनं घेतला तो मात्र सगळ्यात स्वस्त कागद. लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे लिग्निन, लाकडातलं ते कडक द्रव्य, भरपूर. उजेड आणि हवा लागली की पिवळा पडणारच. आज ते रकाने पार तपकिरी झालेत. त्या ऊबदार, जुन्या रंगाला आपण मनापासून दाद देतो, आणि तो तर पिकासोनं लावलेलाच नाही.