चहा स्वस्त झाला आणि अमेरिका फुटली

भारतातून कोणी आलं की त्यांना बॉस्टनच्या फ्रीडम ट्रेलवर न्यायचं हे इथल्या आपल्या लोकांचं ठरलेलंच असतं. फुटपाथवर लाल विटांची रेघ आहे, ती धरून बॉस्टन कॉमनपासून बंकर हिलपर्यंत चालत सुटायचं, साधारण चार किलोमीटर, मधे जुनी चर्चेस, सभागृहं, कबरी. ह्या वेळी तासगावहून सासूसासरे आले होते आणि अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, इतिहास म्हणजे जीव की प्राण, त्यामुळे नुसते फोटो काढून माझी सुटका नव्हती.

हार्बरवर टी पार्टीचं, म्हणजे १७७३ ला लोकांनी इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला त्याचं, म्युझियम आहे. जुन्या जहाजांसारखी जहाजं पाण्यात उभी केलीयेत, तुमच्या हातात चहाची खोटी पेटी देतात, ती समुद्रात फेकायची आणि मग तीच दोरीने वर ओढून पुढच्या पर्यटकाला. सासूबाईंनी जी काय भिरकावली! अण्णा म्हणाले, "इंग्रजांनी चहा महाग केला म्हणून ना हे सगळं?" बहुतेकांना असंच वाटतं. खरं उलट आहे, १७७३ च्या टी ॲक्टमुळे चहा स्वस्त होणार होता.

मुळात झालं असं की फ्रान्सबरोबरचं मोठं युद्ध १७६३ ला संपलं तेव्हा इंग्लंड जिंकलं पण कर्जात बुडालं, मग त्यांनी अमेरिकेतल्या आपल्या कॉलनीजना, म्हणजे वसाहतींना म्हटलं तुमच्या रक्षणासाठी एवढा खर्च केला, आता थोडा तुम्हीही भरा. १७६५ ला स्टॅम्प ॲक्ट आला, कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर. दंगे झाले, वर्षभरात कायदा मागे. मग १७६७ ला काच, रंग, कागद, शिसं आणि चहा ह्यांच्यावर जकात, परत बहिष्कार, परत माघार, फक्त चहावरचा पौंडामागे तीन पेन्स कर मुद्दाम ठेवला, कर लावायचा हक्क आमचाच हे दाखवायला. आणि कॉलनीवाल्यांचं म्हणणं एकच, ज्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही त्याने आमच्या खिशात हात का घालावा.

आता इथे आपली ओळखीची पार्टी येते, ईस्ट इंडिया कंपनी. बंगालमध्ये १७७० चा भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, तरी कंपनीची सारावसुली काही थांबली नाही, आणि दोन वर्षांत कंपनीच दिवाळखोरीच्या काठावर. लंडनच्या गोदामांत कोट्यवधी पौंड चहा पडून (सगळा चीनचा बरं का, आसामचा चहा तेव्हा कुठे होता). सरकारने शक्कल काढली की हा माल लंडनची जकात न भरता थेट अमेरिकेत विकायचा, म्हणजे चोरून येणाऱ्या डच चहापेक्षाही स्वस्त पडेल, फक्त ते तीन पेन्स तेवढे राहतील. स्वस्त म्हणून लोक पिणार आणि पिता पिता कर मान्य केल्यासारखं होणार. बॉस्टनवाल्यांनी हा सापळा बरोबर ओळखला. अर्थात सगळे काही तत्त्वाचे पुतळे नव्हते, चोरट्या चहावर गब्बर झालेले व्यापारीही त्यात होते, त्यांचा धंदाच बसणार होता. गाईड लोक हे जरा हळू आवाजात सांगतात असं माझं निरीक्षण आहे.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री मोहॉक ह्या तिथल्या मूळ रहिवासी जमातीसारखे वेष करून माणसं तीन जहाजांवर चढली आणि ३४० पेट्या पाण्यात. इंग्लंडने चिडून बॉस्टनचं बंदरच बंद केलं, मॅसॅच्युसेट्सचा स्वतःचा कारभार आवळला. हे मात्र अंगाशी आलं, कारण तेरा कॉलनीजचं आपसात काही फार सख्य नव्हतं, पण आज ह्यांचं बंदर तर उद्या आमचं, ह्या भीतीने त्यातल्या बारांचे प्रतिनिधी १७७४ ला फिलाडेल्फियात एकत्र बसले, हीच ती काँग्रेस.

पहिली गोळी लेक्सिंग्टनला सुटली, १९ एप्रिल १७७५, आमच्या घरापासून गाडीने अगदी जवळ. तिथे दर एप्रिलमध्ये पहाटे त्या चकमकीचं नाट्य करतात, लोक अंधारात शिड्या घेऊन येतात, आपण कुडकुडत उभे, आणि काही मिनिटांत संपतं. खरोखरच तेवढंच झालं होतं, आठ माणसं मेली. त्यानंतरही जुलैमध्ये काँग्रेस राजाला समेटाचा अर्ज पाठवतेय! स्वातंत्र्याचं मतदान व्हायला २ जुलै १७७६ उजाडला, ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर.

अण्णांच्या डोक्यात तोवर वेगळाच हिशोब चालू. मार्च १७७५ ला राघोबादादाने सुरतेला कंपनीशी तह केला, म्हणजे लेक्सिंग्टनच्या जेमतेम सहा आठवडे आधी! १७७७ ला नाना फडणवीसांनी पुण्यात सँ ल्युबिन नावाच्या फ्रेंच माणसाची बडदास्त ठेवली तेव्हा कलकत्त्यात हेस्टिंग्जच्या पोटात गोळा आला, आणि १७७८ ला फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने उतरलंच. फ्रेंच आरमार नसतं तर १७८१ ला यॉर्कटाऊनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस कोंडला गेला नसता. शरणागतीला तो स्वतः आला नाही, आजारी आहे म्हणाला आणि दुय्यम अधिकारी पाठवला. आणि हाच हरलेला माणूस पाच वर्षांत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल! १७९१ ला टिपूवर चालून गेला तेव्हा त्याच्या जोडीला हरिपंत फडके आणि आमच्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन. अण्णा हे वाटेत भेटलेल्या एका अमेरिकन आजोबांना मराठीमिश्रित इंग्रजीत सांगत होते, आजोबा बिचारे मान डोलावत होते.

पण स्वातंत्र्य मिळालं म्हणजे देश झाला असं नाही, हे इथे आल्यावरच मला कळलं. १७८३ ला पॅरिसचा तह झाला तेव्हा ही तेरा संस्थानंच होती जवळजवळ, आणि केंद्राच्या काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नाही! करावरून भांडून निघालेले ना. सैनिकांचे पगार थकलेले. इकडे मॅसॅच्युसेट्सने युद्धाचं कर्ज फेडायला शेतकऱ्यांवर स्वतःच कर लादले तर १७८६ ला डॅनियल शेज ह्या जुन्या सैनिकाच्या मागे शेतकरी उठले, कोर्टंच बंद पाडली. ह्या धसक्याने १७८७ ला फिलाडेल्फियात बंद खोलीत नवी राज्यघटना लिहिली गेली, त्यात केंद्राला कराचा अधिकार आला, आणि गुलामांना मोजायचं तर पाचाला तीन ह्या हिशोबाने, तेही मालकांच्या राज्यांच्या जागा वाढाव्यात म्हणून.

पुढच्या वेळी अण्णांना शेफील्डला न्यायचंय, राज्याच्या पश्चिम टोकाला. तिथे कर्नल ॲशलीचं घर आहे. १७७३ ला त्याच घरात बसून गावच्या पुढाऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध ठराव लिहिला की सगळी माणसं समान आणि स्वतंत्र आहेत, आणि बेट नावाची बाई तेव्हा त्या घरात गुलाम होती. १७८० ला राज्याच्या घटनेत तेच शब्द आले तेव्हा तिने वकील गाठला, मालकावर केस केली आणि १७८१ ला जिंकली. ३० शिलिंग भरपाई मिळाली. पुढे तिने नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन.