परभणी ते अंबाजोगाई, एका बंद नेटपायी

रविवारी मामाचा फोन, "अरे नेट चालू हाय पण काहीच उघडंना, लाइनवाला येऊन बघून गेला, म्हनला आमच्याकडून ओके हाय." मामाचं अंबाजोगाईला झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान, त्यात पीक विम्याचे दिवस. अर्धा तास फोनवरून राउटर बंद-चालू करायला लावला, शेवटी म्हटलं येतोच.

अंबाजोगाई शहरात रेल्वे नाही, म्हणून परभणीहून गंगाखेडमार्गे परळीपर्यंत रेल्वेनं अन् तिथून एसटी. जाणार असाल तर श्रावणातला सोमवार टाळा, वैजनाथाच्या गर्दीत मी पाऊण तास स्टँडवर नुसता उभा, लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून.

दुकानात काउंटरवर लग्नपत्रिकेच्या पाठीमागं स्केचपेननं लिहिलेलं, "नेट बंद आहे, विचारू नये". आधी माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट जोडलं तरी तेच, म्हणजे लाइनवाला बिचारा खरंच बोलत होता. पिंग (समोरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतंय का बघायची कमांड) मारलं तर मस्त उत्तर येतंय, क्रोम मात्र अडलेलं, अन् पानाच्या खाली बारीक अक्षरात ईआरआर प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड. प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर अन् नेटच्या मधला दलाल; पिंग त्याच्यातून जात नाही, ब्राउझर जातो, सगळी गोम तिथं. ही ओळ फोनवरच वाचून घेतली असती तर माझं तिकीट वाचलं असतं, पण मी विचारलंच नाही ना! तुम्ही निघायच्या आधी ती ओळ अन् हॉटस्पॉट, एवढं तरी करून घ्या.

विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात प्रॉक्सी, बघतो तर १२७.०.०.१ अन् पोर्ट ८११८. हा पत्ता म्हणजे तोच कॉम्प्युटर अन् पोर्ट म्हणजे त्याचं एक दार, ब्राउझर बाहेर जायच्या आधी घरातल्याच एका सॉफ्टवेअरचं दार वाजवतोय अन् आत कुणीच नाही. मामेभावाला म्हटलं, "काय टाकलतंस रे?" तर "दादा, जाहिराती बंद करायचं एक टाकलतं, पीसी स्लो व्हायला म्हणून काढलं." सॉफ्टवेअर गेलं, पत्ता राहिला. नेटस्टॅट, म्हणजे कुठल्या पोर्टवर काय चालू आहे ते दाखवणारी कमांड, तिनं बघितलं, त्या पोर्टवर खरंच काही चालू नव्हतं. प्रॉक्सीचं बटण ऑफ केलं, क्रोम पळायला लागलं.

चहा आला, मी हिरो. तेवढ्यात मामा म्हणला, "अन् ह्या कोल्ह्यात?" म्हणजे फायरफॉक्स. त्याचं प्रॉक्सीचं सेटिंग वेगळं असतं, भावानं तिथंही मॅन्युअलमध्ये तोच पत्ता भरलेला. सेटिंगमध्ये सगळ्यात खाली नेटवर्क सेटिंग्ज, तिथं नो प्रॉक्सी केलं. प्रॉक्सीवालं सॉफ्टवेअर ठेवायचंच असेल तर पत्ता पुसू नका, ते चालू आहे का अन् पोर्ट तोच आहे का बघा. बंद केलेली प्रॉक्सी रिस्टार्टनंतर आपोआप परत आली तर एखादा प्रोग्राम ती लावायलाय, व्हायरस स्कॅन माराच. ऑफिसच्या पीसीवर मात्र ती मुद्दाम लावलेली असू शकते, तिथं विचारल्याशिवाय हात लावू नका.

निघताना ती पत्रिका फाडायला गेलो तर मामा म्हणला, "राहू दे, लाइट गेल्यावर लागंल."