काटेकरांचा हिवाळा : लेस्टरच्या परसातल्या नोंदी

आईला व्हिडिओ पाठवला की तिचा प्रश्न ठरलेला : "साळिंदराला मांजराचं खाणं कशाला घालतोस रे?" साळिंदर नव्हे, हेजहॉग, हे तीन वर्षं सांगतोय. साळिंदराचे काटे वीतभराहून मोठे आणि ते कंदमुळं कुरतडणार. हा सोललेल्या नारळाएवढा, भुंगेरे, अळ्या, गांडुळं खाणारा. याचे भाऊबंद राजस्थान-गुजरातेत आहेत, पण आमच्या साताऱ्याकडे मी तरी कधी पाहिला नाही. त्यामुळे आईची चूक म्हणता येत नाही. इथे इंग्लंडात, आमच्या लेस्टरच्या परसात येणाऱ्या हेजहॉगचं नाव काटेकर. मागच्या हिवाळ्याच्या नोंदी नीट उतरवून काढतोय.

१२ ऑक्टोबर २०२४. काटेकरांना हिवाळाभर झोपायला पेटी झाली एकदाची. साधा प्लायवूड, आतून रंग नाही, वॉर्निश नाही. दार १३ सेंटिमीटर बाय १३, आत एक आडवी फळी, म्हणजे मांजराचा पंजा पोचत नाही. खाली चार विटा. कुंपणाचं काम मात्र जिकिरीचं निघालं. तळाला काँक्रीटची फळी आहे, तिला भोक पाडणं शक्य नाही. शेवटी शेजारच्या आजींना विचारून फळीखालून चर खणला. हे प्राणी रात्रीत किलोमीटर-दोन किलोमीटर भटकतात, एका परसात त्यांचं भागत नाही. आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी रोज दिसायचे. २०२० पासून ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत, हा प्राणी 'असुरक्षित' गटात आहे.

२४ ऑक्टोबर. सकाळी अकराला हिरवळीवर एक पिल्लू डुलत चाललेलं. दिवसाढवळ्या असं दिसलं की समजायचं, काहीतरी बिघडलंय. ओव्हनचे हातमोजे घालून उचललं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं : ३४० ग्रॅम. (ज्या काट्यावर कणीक मोजतात त्यावर हे ठेवल्याबद्दल घरात जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.) उशिराच्या वेतातली पिल्लं अशीच अडकतात, थंडी येते आणि अंगावर चरबी नसते. खोक्यात जुना टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी, आणि थेट बचाव केंद्र. दूध पाजायचं नाही, हे नव्या मंडळींसाठी पुन्हा सांगतो. त्यांना ते पचत नाही, हगवण लागते.

१ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन. या शहरात दिवाळीचे फटाके आणि ५ तारखेच्या, इंग्रजांच्या 'बॉनफायर नाइट'च्या होळ्या पाठोपाठ येतात. मागच्या गल्लीतल्या गृहस्थांनी आठवडाभर लाकडं रचून ठेवली होती. हेजहॉगच्या दृष्टीने ते आयतं घर. चकल्यांची पुडी घेऊन गेलो आणि पेटवायच्या दिवशी ढीग बाजूला नव्याने रचायची विनंती केली. त्यांनी रचला. आत एक बेडूक निघाला, बस्स. चकल्या आवडल्या.

९ नोव्हेंबर. यासाठी हे सगळं लिहायला बसलो! कॅमेरा पेटीवर रोखलेला, आणि काटेकरांनी पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेडच्या मागे ब्लॅकबेरीचं जाळं माजलंय, तिथे बांधकाम काढलं. पानं तोंडात धरायची, एका वेळी पाच-सहा, मिशा फुटल्यासारखी दोन्हीकडून बाहेर आलेली. जाळ्याखाली टाकायची, परत यायचं. दोन तासांत ३१ खेपा मोजल्या. मग स्वारी ढिगात शिरली आणि ढीग हलायला लागला. आत ते गोल गोल फिरतात, त्याने पानं दाबली जाऊन एकावर एक थर बसतात, पत्रावळींच्या चवडीसारखे. पाणी आत झिरपत नाही ते यामुळेच. ओक आणि बीच या झाडांची पानं सरस, लवकर कुजत नाहीत. माझं प्लायवूड यापुढे काय टिकणार.

१९ नोव्हेंबर. पहिला बर्फ. घरट्याच्या तोंडाशी एक बारीक काडी आडवी ठेवली. काडी जागेवर असेपर्यंत मालक आत.

२४ नोव्हेंबर. बर्ट वादळ येऊन गेलं. काडी जागेवर.

७ डिसेंबर. ही नोंद लिहायला लाज वाटते. डॅराह वादळात शेडच्या छपराचं आवरण सुटून फडफडायला लागलं, आणि मी सकाळी दहा-बारा खिळे ठोकले. घरट्यापासून जेमतेम दोन हातांवर! शीतनिद्रेत हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १९० वरून २० च्या आसपास येतात, अंग गार पडतं, श्वास मिनिटामिनिटांनी. त्यातून उठायचं म्हणजे साठवलेली चरबी जाळायची. त्याच रात्री काडी पडलेली, आणि कॅमेऱ्यात काटेकर धडपडत पेटीकडे. हिवाळ्यात ते बहुधा एकदा तरी घर बदलतातच, त्यामुळे खिळ्यांनीच उठवलं असं छातीठोक सांगता येत नाही. पण मनात डाचतंय. पुढच्या दोन रात्री पेटीच्या दाराशी ठेवलेली सुकी पानं आत ओढली गेली. तिसऱ्या रात्रीपासून काडी स्थिर.

६ जानेवारी २०२५. जिल्ह्यात पूर. शेडमागे घोटाभर पाणी, जुनं घरटं चिखलात. विटांवरची पेटी कोरडी. खिळ्यांचं समर्थन म्हणून हे लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलंही नाही.

फेब्रुवारीत सांगण्यासारखं काही नाही. पाण्याची वाटी रोज भरली, रोज गोठली.

९ मार्च. काडी पडली! रात्री पावणेदहाला काटेकर बाहेर, कातडी ढिली, कमरेशी खोबण पडलेली. आधी पाणी. किती वेळ पीत होते! मग मांजराचं खाणं अर्धी वाटी. बाजारातल्या सुक्या अळ्या (मीलवर्म) मी देत नाही, त्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, त्याने हाडं ठिसूळ होतात.

१२ एप्रिल. ऑक्टोबरचं पिल्लू केंद्रातून परत आलं, ७२० ग्रॅम. जिथे सापडलं तिथेच संध्याकाळी सोडलं. मागे वळूनही न बघता चरातून आजींकडे पसार.

२६ एप्रिल. कॅमेऱ्यात तासभर भात्यासारखा फुसफुस आवाज. एक अनोळखी दांडगा नर काटेकरांभोवती गोल गोल घिरट्या घालतोय, आणि काटेकर कपाळावर काटे ओढून त्याच्याकडे बाजू फिरवताहेत. म्हणजे काटेकर नव्हेतच, काटेकरबाई! आईला कळवलं. ती म्हणाली, "तरी मी म्हणत होते, घर एवढं नीटनेटकं कोण लावतं."

पेटी उकळत्या पाण्याने धुवायची वेळ झालीये, पण काल रात्री पुन्हा पानं आत गेली. गर्भ जेमतेम पाच आठवड्यांचा असतो, आणि बाळंतिणीचं घरटं उघडलं तर ती पिल्लं टाकून जाते, प्रसंगी खातेही. झाकणावर चिकटपट्टी लावून टाकलीये, माझ्यासाठीच.