डेव्हिल्स इअर: आत जाण्याआधी परतीचा आकडा ठरवा

सांता फे नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. त्यात एक निळी भेग उघडते, तीच फ्लोरिडातल्या जिनी स्प्रिंग्जची डेव्हिल्स इअर, पाण्याखालच्या गुहेचं तोंड. आत पाणी वर्षभर २२ अंशांवर, खोली साधारण ३० मीटर आणि नितळपणा असा की माणूस हमखास फसतो. आतल्या पाटीवर मृत्यूचं चित्र आहे: केव्ह डायव्हिंगचं, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहेत उतरण्याचं, प्रशिक्षण नसेल तर इथूनच मागे फिरा. प्रमाणपत्र नसलेल्यांना इथे टॉर्चही नेता येत नाही. नियम कडक वाटेल, पण हातात उजेड असला की पावलं आत वळतात.

परतीची वाट दाखवणारा, गुहेत कायम बांधलेला मुख्य सोनेरी दोर तोंडापाशी सुरू होत नाही, तो थोडा आत आहे. मधलं अंतर आपल्या रीलने, म्हणजे सोबतच्या दोराच्या गुंडाळीने, जोडायचं. पहिली गाठ उघड्या पाण्यात, जिथून सरळ वर येता येईल अशा जागी. दुसरी तोंडाच्या लगेच आत. "दोर तर समोर दिसतोय" म्हणून हे टाळू नका. गाळ उठला की हात पुढे केला तरी दिसत नाही. दोर ताणलेलाच हवा, आणि अरुंद कपारीत सरकू देऊ नका. तिथे हात पोचतो, पण अंग मावत नाही.

प्रवाह थेट अंगावर येतो. फिन (पायातले वल्ह्यासारखे पंख) मारत झुंजलात तर धाप लागते, कार्बन डायॉक्साइड साचतो, हवा भराभर संपते. बोटांनी खडक धरून स्वतःला ओढा, मग तरंगत पुढे जा.

हवेचा हिशेब वर असतानाच करा. एक हिस्सा आत जायला, एक परतीला, एक अडचणीसाठी राखीव. टाकीत २०० बार (हवेचा दाब) असतील तर १८० धरा, तिसरा हिस्सा ६०, म्हणजे १४० ला परत. गटात ज्याचा आकडा आधी येईल त्याच्यासोबत सगळे वळतात. सर्वांत आत जोडीदाराची हवा गेली तर हा उरलेला साठा दोघांना जेमतेम पुरतो. घाबरून श्वास वाढला तर तोही कमी. म्हणून इथे नवख्यांनी तिसऱ्याऐवजी सहावा हिस्साच वापरावा. परतीला प्रवाह ढकलेल म्हणून आणखी पुढे जाणं ही घोडचूक. एकाच टाकीच्या लांब होजवर (हवेच्या नळीवर) श्वास घेत दोघं एकामागून एक अरुंद जागेतून निघताना वेग उरत नाही.

केव्ह डायव्हर शेक एक्स्ले यांनी १९७०च्या दशकात गुहांमधल्या डायव्हरांच्या मृत्यूंची छाननी केली. कारणं पुन्हापुन्हा तीच: सलग दोर नाही, दोन तृतीयांश हवा राखलेली नाही, झेपेल त्याहून जास्त खोली.

प्रशिक्षणात दोराचा सराव आधी जमिनीवर, डोळे बांधून होतो. तो कंटाळवाणा वाटेपर्यंत करा. दिवे तीन, मुख्य दिवा गेला की डाइव्ह तिथेच संपली. आणि कुणीही, कारण न सांगता, "परत" अशी खूण करू शकतो.

पुढे बुडालेल्या खाणीत जाणार असाल तर तिथे बाहेर ढकलणारा प्रवाह नसतो, त्यामुळे उठलेला गाळ तसाच लोंबकळत राहतो. श्वासाचे बुडबुडे छताचा गंज खाली पाडतात, कुजलेल्या लाकडी टेकूंना हात लावायचा नाही. वर हवेचा कप्पा दिसला तरी रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं तोंडातलं उपकरण) काढू नका. कुजणारं लाकूड आणि गंजणारं लोखंड त्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात.